शेवाळाचे तेल : सुरतेच्या चोपड्यातील एक हिशेब

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी सुरतेच्या पेढ्यांवर चोपडापूजन होते. आपण मराठी मंडळी त्यालाच वहीपूजन म्हणतो. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, शुभ-लाभ लिहायचे, आणि मग वर्षभर तिच्यात जमा काय व नावे काय ते रोखठोक मांडत जायचे, ही त्या शहराची जुनी शिस्त. खानदेशातून पोटापाण्यासाठी उधना-लिंबायत-डिंडोलीकडे गेलेल्या आपल्या माणसांच्या अंगीही ती मुरलेली आहे. तिला धरूनच आज एका विलक्षण वस्तूचा हिशेब मांडून पाहू. ती वस्तू म्हणजे पाण्यावरचे शेवाळ. या शेवाळातून डिझेल काढता येईल, ही आशा गेली ऐंशी वर्षे जगात पुन्हापुन्हा पालवली आणि पुन्हापुन्हा सुकली. हा योगायोग नव्हता. त्यामागे एक इतिहास आहे आणि त्यात सुरत, भावनगर, जामनगर ही आपल्या शेजारची गावे आहेत.

सुरुवात तापीपासून करणे रास्त. मुलताईला उगम पावलेली ही नदी बऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशा असा प्रवास करीत गुजरातेत शिरते. १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाचे पाणी मागे नंदुरबार जिल्ह्यापर्यंत फुगते, आणि खाली सुरतेच्या सिंगणपूरला १९९५ मध्ये बांधलेला बंधारा शहराचे गोडे पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून वेगळे राखतो. नदी अशी अडली, संथ झाली, आणि वरून तिच्यात गावोगावचे सांडपाणी मिसळले, की पाण्यावर जलपर्णी आणि शेवाळ माजते. आपण सगळ्यालाच सरसकट शेवाळ म्हणतो. पण त्यातली निळसर हिरवी, बुळबुळीत, उग्र वासाची जी साय असते ती वनस्पती नाहीच. ते सूक्ष्म जीवाणू आहेत. जुने अभ्यासक त्यांना नील-हरित शेवाळ म्हणत. १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी त्यांना जीवाणूंच्या पंगतीत बसवले आणि सायनोबॅक्टेरिया हे नाव रूढ झाले.

या जीवांची वंशावळ थोर आहे. सूर्यप्रकाशावर पाणी फोडून प्राणवायू सोडण्याची विद्या पृथ्वीवर पहिल्यांदा साधली ती यांना. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पुण्याईने. त्यांच्यातल्या काही जातींना आणखी एक सिद्धी आहे. हवेतला नत्र बांधून त्या तो खतासारखा वापरू शकतात, आणि मेल्यावर जमिनीला देऊन जातात.

भारतीय विज्ञानाने या जीवाची पहिली ओळख करून घेतली ती या दुसऱ्या गुणामुळे. १९३९ साली पी. के. डे यांनी दाखवून दिले की, भाताच्या खाचरांत वर्षानुवर्षे खत न घालताही जे पीक येते त्याचे बरेचसे श्रेय पाण्यातल्या नील-हरित शेवाळाला आहे. बनारसचे आर. एन. सिंह यांनी १९५० मध्ये उत्तरेकडील खारपड, 'ऊसर' जमिनी याच शेवाळाच्या साहाय्याने सुधारण्याचा मार्ग मांडला. मद्रासचे टी. व्ही. देशिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा ग्रंथ १९५९ साली निघाला. या जीवांच्या ओळखीसाठी तो पुढे जगभर वापरला गेला. आपल्याकडे एन. डी. कामत यांनी १९६३ मध्ये कोल्हापूर परिसरातील शेवाळांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. या सर्वांच्या लेखी शेवाळ म्हणजे मातीचे मित्र होते. त्यातून तेल गाळावे, ही कल्पना दुसऱ्याच दिशेने आली.

तिचा उगम इंजिनात आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. सौराष्ट्र आणि खानदेश या दोन्ही भुईमुगाच्या मुलखांनी अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट! पण खाद्यतेल दाट असते, थंडीत गोठते, इंजिनात काजळी धरते. १९३७ मध्ये बेल्जियमच्या शावान यांनी त्यावर तोड काढली. तेलात मद्यार्क आणि थोडा क्षार मिसळला की तेलाचा रेणू फुटतो, ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर उरतो तो पातळ, जळाऊ पदार्थ. आज आपण बायोडिझेल म्हणतो ते हेच. साधारण १०० किलो तेलाला ११ किलो मिथेनॉल लागते आणि जवळजवळ तेवढेच बायोडिझेल हाती येते. म्हणजे रसायनशास्त्राची अडचण तेव्हाच सुटली होती. प्रश्न उरला तो एवढाच, की तेल आणायचे कुठून?

दुसऱ्या महायुद्धात चरबीचा तुटवडा पडला तेव्हा, १९४२ मध्ये, हार्डर आणि फॉन विच या जर्मन संशोधकांनी सूक्ष्म शेवाळातून चरबी मिळवण्याचा विचार मांडला. १९५१ साली अमेरिकेत केंब्रिज गावी एका इमारतीच्या गच्चीवर नळ्यांतून शेवाळ वाढवण्याचा प्रयोग झाला. त्याच दशकात कॅलिफोर्नियात ऑस्वल्ड आणि गोल्युके यांनी सांडपाण्यावर शेवाळ वाढवून, ते कुजवून, त्यातून जळाऊ वायू काढण्याचा मार्ग शोधला. पण अरबस्तानचे तेल तेव्हा पाण्याच्या भावात मिळत होते. या प्रयोगांकडे कोण लक्ष देतो?

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि चित्र पालटले. अमेरिकन सरकारने १९७८ साली शेवाळापासून इंधन काढण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तीन हजारांहून अधिक नमुने तळ्यांतून, खाड्यांतून, वाळवंटातल्या खारट डबक्यांतून गोळा केले. न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे हजार हजार चौरस मीटरचे उघडे हौद खणून वर्षानुवर्षे शेवाळ पिकवले. अठरा वर्षांनी, १९९६ मध्ये, तो कार्यक्रम बंद झाला. तेल पुन्हा स्वस्त झाले होते. १९९८ च्या अंतिम अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता : अगदी आशावादी अंदाज धरले तरी शेवाळाचे डिझेल साध्या डिझेलच्या जवळपास दुप्पट भावाला पडेल. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या कार्यक्रमाचा सारा भर हिरव्या शेवाळावर आणि डायटमवर होता. नील-हरित जीवांचा त्यात फारसा वाटा नव्हता. याचे कारण पुढे पाहू.

शेवाळाच्या तेलाचा इतिहास असा कच्च्या तेलाच्या भावाच्या सावलीसारखा चालतो. भाव चढला की सावली लांबते, उतरला की आखडते. २००५ नंतर भाव पुन्हा चढला आणि आशेची नवी लाट आली. ती या वेळी आपल्या दारापर्यंत पोचली. भारताने आधी मोगली एरंडावर भिस्त ठेवली होती. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या लागवडीची मोठी योजना मांडली, आणि २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून हे झाड भरघोस बी देईल, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. झाड जगले खरे, पण पाण्याखतावाचून बी धरेना. ते उद्दिष्ट कागदावरच राहिले. २०१८ च्या नव्या धोरणाने बायोडिझेलचे लक्ष्य खाली आणून २०३० पर्यंत ५ टक्के केले.

एरंडाने निराशा केली तेव्हा डोळे शेवाळाकडे वळले. शेतजमीन नको, खारे पाणी चालते, आणि वाढ दिवसागणिक! सुरतेच्या समोर, खंबातच्या आखाताच्या पलीकडे भावनगर आहे. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा, पण नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा-घोघा बोटसेवा सुरू झाल्यापासून ९० किलोमीटरचा जलमार्ग. या भावनगरात १९५४ पासून केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर आपोआप वाढणारे क्लोरेला जातीचे शेवाळ गोळा करून त्याचे बायोडिझेल बनवले, आणि २०१२ च्या सुमारास ते डिझेलमध्ये २० टक्के मिसळून एक मोटारगाडी चालवून दाखवली. ही सिद्धी लहान नव्हती. गाडी धावली, इंजिनाने कुरकुर केली नाही. मात्र हे क्लोरेला हिरवे शेवाळ होते, नील-हरित नव्हे.

नील-हरित जीवांचा मोठा डाव जामनगरला मांडला गेला. अल्जिनॉल या अमेरिकन कंपनीने सायनोबॅक्टेरियाच्या जनुकांत फेरफार करून त्यांना थेट मद्यार्क पाझरायला शिकवले होते. रिलायन्सने २०११ मध्ये तिच्यात सुमारे ११ कोटी ६० लाख डॉलर गुंतवले, आणि २०१५ च्या आरंभी जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाल्याचे जाहीर झाले. पण २०१४ च्या उत्तरार्धात कच्चे तेल कोसळले होते. २०१५ च्या अखेरीस अल्जिनॉलने माणसे कमी केली आणि इंधनाकडे पाठ फिरवून दुसऱ्या उत्पादनांचा मार्ग धरला. सायनोबॅक्टेरियाकडून डिझेलसारखे द्रव्य बनवून घेऊ पाहणारी जूल ही दुसरी अमेरिकन कंपनी २०१७ मध्ये बंद पडली.

आता राहिलेले कारण पाहू. हे जीव तेल साठवत का नाहीत? तिळाच्या दाण्यात, शेंगदाण्यात तेल असते ते पुढच्या पिढीची शिदोरी म्हणून. हिरव्या शेवाळालाही ही खोड आहे. नत्राची उपासमार झाली की ते वाढ थांबवते आणि पेशीत तेलाचे थेंब साठवू लागते. कोरड्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, कधी निम्म्यापर्यंतही. नील-हरित जीव मात्र आपली पुंजी पिष्टासारख्या ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतो. त्याच्यात जी थोडीफार चरबी असते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, ती बहुतेक पेशीतल्या पातळ पडद्यांची. तो पडदा म्हणजे त्याचे घर आहे, कोठार नाही. म्हणूनच संशोधकांनी त्याच्या जनुकांत हात घातला. २०१० मध्ये या जीवांत हायड्रोकार्बन बनवणारी जनुके सापडली, २०११ मध्ये चरबीची आम्ले पाण्यात सोडणारे वाण तयार झाले. प्रयोगशाळेच्या बाटलीत हे सारे झाले. बाटलीतून हौदात उतरताना मात्र गणित आडवे आले.

ते गणित सुरतेच्या चोपड्यात मांडू. जमेची बाजू आधी. उत्तम व्यवस्था असलेल्या उघड्या हौदात एका चौरस मीटरला दिवसाला २० ग्रॅम कोरडे शेवाळ मिळाले आणि वर्षातले ३०० दिवस काम चालले, तर हेक्टरी ६० टन होतात. दहा टक्के चरबी धरली तरी ६ टन. भुईमुगाचे तेल हेक्टरी एक टनही पडत नाही. कागदावर पाहिले तर कुणालाही मोह पडावा असा हा आकडा आहे.

नावे बाजू पाहा. हौदाच्या एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅमच शेवाळ असते. म्हणजे एक किलो शेवाळासाठी दोन हजार लिटर पाणी ढवळायचे, उपसायचे, गाळायचे. आणि एक किलो चरबीसाठी वीस हजार लिटर. त्यानंतर चिखलासारखा तो गोळा सुकवायचा. पंपांना वीज लागते, सुकवायला उष्णता. हाती येणाऱ्या तेलातील उष्मांकांचा मोठा भाग इथेच खर्ची पडतो.

त्याहून मोठी रक्कम नत्राची. कोरड्या शेवाळात वजनाने सुमारे ७ टक्के नत्र असते. ६० टनांना ४ टनांहून अधिक नत्र हवे, म्हणजे हेक्टरी ९ टन युरिया. भाताच्या एका पिकाला १०० किलो नत्र पुरते, हे शेतकरी वाचकांना वेगळे सांगायला नको. हा युरिया येणार कुठून? सुरतेजवळच्या हजिऱ्याहून. वसईच्या समुद्रातला नैसर्गिक वायू नळाने हजिऱ्याला येऊ लागला आणि १९८० च्या दशकात तिथे कृभकोचा प्रचंड खत कारखाना उभा राहिला. जमिनीखालचा वायू जाळून युरिया करायचा, तो शेवाळाला चारायचा, आणि शेवाळाचे तेल काढून म्हणायचे की आम्ही खनिज इंधन वाचवले. हा व्यवहार सुरतेचा नवशिका मेहतासुद्धा वहीत चढवणार नाही.

कोणी म्हणेल, हे जीव हवेतला नत्र बांधतात ना, मग युरिया कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण नत्र बांधणे हे फार मेहनतीचे काम. त्यात त्यांची बरीच शक्ती जाते आणि वाढ मंदावते. इंधनाच्या प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा सिनेकोसिस्टिस तर नत्र बांधणाऱ्यांतला नाहीच. भाताच्या खाचरात संथपणे काम करणारा आणि कारखान्याच्या हौदात झपाट्याने वाढणारा, हे दोन वेगळे जीव आहेत. एकाच्या अंगी दोघांचे गुण शोधण्यात फार पैसा गेला.

मग फुकटचा नत्र कुठे मिळेल? सांडपाण्यात. आणि इथे सुरतेचा स्वतःचा इतिहास आपल्या विषयाला येऊन भिडतो. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. खानदेशातली कित्येक कुटुंबे त्या दिवसांत रात्रीतून गावी परतली. पुराचे साचलेले पाणी, न उचललेला कचरा आणि उघडी गटारे यांची ती किंमत होती. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दोनएक वर्षांत शहराचा कायापालट झाला. ती शिस्त पुढे टिकली. २००३ मध्ये अंजना येथील सांडपाणी केंद्रात गाळापासून निघणाऱ्या वायूवर वीज तयार होऊ लागली. २०१४ मध्ये बमरोलीला दिवसाला चार कोटी लिटर सांडपाणी पुरते शुद्ध करून पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना विकण्याची व्यवस्था झाली. गटाराचे पाणी वहीत जमेच्या बाजूला आले ते असे.

या पाण्यावर शेवाळ वाढवले तर? एक कोटी लिटर सांडपाणी म्हणजे सुमारे ७५ हजार वस्तीचे रोजचे पाणी. लिटरला ४० मिलिग्रॅम धरले तर त्यात ४०० किलो नत्र असेल, आणि त्यावर साडेपाच टनांपर्यंत शेवाळ पोसेल. त्यासाठी साडेसत्तावीस हेक्टरांचे, म्हणजे अडुसष्ट एकरांचे हौद लागतील. सुरतेसारख्या शहरात एवढी जमीन! सर्व चरबी कामी आली असे मानले तरी दिवसाला साडेपाचशे किलो तेल. माणशी भाग लावला तर सात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा. देवापुढची एक समई तासभर तेवेल, स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत जाईल.

पण त्याच हिशेबाची दुसरी ओळ वाचा. ते शेवाळ वाढताना ४०० किलो नत्र पाण्यातून निघून जातो. तो तापीत गेला असता तर तिथे माजणारे शेवाळ पुढे कुजून माशांचा प्राणवायू खाऊन बसले असते. शेवाळ सुकवण्याच्या भानगडीत न पडता ओलेच कुजवले तर वायू मिळतो, आणि उरलेला मळ शेताला घालता येतो. म्हणजे ऑस्वल्ड-गोल्युके यांनी १९५० च्या दशकात दाखवलेली वाट. खरे तर आपल्याला ती त्याहून जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या वायूवर दिवे लावण्यात आले होते.

नील-हरित जीवांचा ज्यांनी खरोखर धंदा केला त्यांनी त्यांचे तेल काढले नाही. स्पिरुलिना याच कुळातली. तिच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळतात, तिचा निळा रंग मिठाईत घालतात. ती किलोला ज्या भावाने विकली जाते, त्या भावात डिझेलचे डबे भरतील. सोने गाळून त्याचे खिळे कोण ठोकील?

१९६० मध्ये सुरतेच्या उत्तरेला अंकलेश्वरी तेल लागले तेव्हा पंडित नेहरूंनी त्या विहिरीला 'वसुधारा' नाव दिले. ते तेलही मुळात प्राचीन जीवांचेच. शेवाळ, वनस्पती, समुद्रातले सूक्ष्म प्राणी गाळात दबून लाखो वर्षे शिजत राहिले तेव्हा कुठे ते बनले. ढवळणे, सुकवणे, दाबणे, उष्णता देणे हा सारा खर्च तिथे पृथ्वीने केला होता आणि बिल पाठवले नव्हते. हौदातल्या शेवाळाचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येते. दोन्हींच्या भावातला फरक त्या न आलेल्या बिलाचा आहे, आणि हवेत साठत चाललेल्या धुराच्या रूपाने ते बिलही आता येऊ लागले आहे. म्हणून संशोधन थांबू नये. कदाचित उद्या एखादा वाण हे गणित बदलील. पण तोवर पडीक जमिनीवर सोने पिकवण्याचे वचन मोगली एरंडाच्या नावाने एकदा ऐकलेल्या शेतकऱ्याला पुन्हा शेवाळाच्या नावाने ते देऊ नये.

सुरतेच्या चोपड्यात शेवाळाचे खाते जरूर उघडावे. जमेच्या बाजूला पहिली ओळ स्वच्छ पाण्याची, दुसरी शेताला परत मिळालेल्या नत्राची, तिसरी वायूची. तेलाची ओळ शेवटी, आणि ती पेन्सिलीने लिहावी. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भाताच्या खाचरात जे पाहिले होते ते एवढेच सांगत होते, की हा जीव मुकाट्याने पाणी आणि माती यांची सेवा करतो. मुलताईपासून हजिऱ्यापर्यंत तापीच्या काठी मराठी आणि गुजराती बोलणारी जी माणसे राहतात, त्यांना नदी स्वच्छ राहण्याची गरज डिझेलइतकीच आहे. आणि डिझेल दुसरीकडून आणता येते, नदी आणता येत नाही.